घेणाऱ्याचं नाव माईकवर कशाला?

नाशिकच्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा:

‘आम्ही सिडकोत राहतो. मिस्टर अंबडच्या एका कंपनीत आहेत. मुलगा सहावीत आहे. शाळा एका धार्मिक ट्रस्टची आहे. तो धर्म आमचा नाही, पण शिस्त चांगली आणि फी आसपासच्या शाळांच्या जवळपास निम्मी, म्हणून तिथे घातलं. शनिवारी शेवटचा तास धर्मपाठाचा असतो. त्यात गोष्टी, प्रार्थना, थोडं पाठांतर. मुलगा त्या गोष्टी रात्री आजीला सांगतो. डिसेंबरात “दान सप्ताह” होतो. मुलं घरून पैसे आणतात, परिपाठाला माईकवर नाव आणि रक्कम वाचली जाते, शंभर रुपयांना एक चांदणी मिळते. शेवटच्या दिवशी गरजू मुलांना स्टेजवर बोलावून स्वेटर देतात. मागच्या वर्षी मुलाने सासूबाईंच्या देवघरातल्या डब्यातून दोनशे रुपये न विचारता घेतले आणि दोन चांदण्या मिळवल्या. त्याच वर्षी त्याच्याच बाकावरच्या मित्राला स्टेजवर बोलावलं. त्याचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. शाळेचा स्वेटर निळा आणि दानातला मरून, त्यामुळे पोरं त्याला “दानाचा स्वेटर” म्हणायला लागली. मित्र आता दुसऱ्या बाकावर बसतो आणि थंडीत कुडकुडला तरी तो स्वेटर घालत नाही. सासूबाई म्हणतात, परक्यांचा धर्म शिकतोय आणि वर चोरी करतोय. मिस्टर म्हणतात, निदान दान करायला तरी शिकतोय, सोडून दे. या वर्षीचा सप्ताह जवळ आलाय. धर्मपाठातून मुलाला काढू का? दान बंद करू का? की शाळाच बदलू?’

ताई,

ट्रस्ट कोणत्या धर्माचा आणि तुम्ही कोणत्या, हे तुम्ही पत्रात लिहिलं आहे. मी ते मुद्दाम गाळलं. वाचणाऱ्यांनी दोन्ही जागी आपापल्या मनातली नावं घालून बघावीत, मग अदलाबदल करून पुन्हा बघावीत. नावं बदलल्यावर राग कमी-जास्त होत असेल, तर तो राग शाळेच्या वागण्याचा नाही. ही परीक्षा तुम्हीही घ्या. सासूबाईंची घेऊ नका, घरात उगाच तणतण होईल.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत आणि तिन्हींमध्ये ‘काढू का, बंद करू का, बदलू का’ असंच आहे. पत्रातली सगळ्यात दुखरी जागा मात्र तुमच्या एकाही प्रश्नात नाही. ती त्या मरून स्वेटरची आहे. तिथे मी सविस्तर येणार आहे. आधी धर्मपाठाचं उरकून घेऊ, कारण ते तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही.

कायदा साधा आहे. संविधानाच्या २८व्या कलमानुसार, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. तुमची शाळा ट्रस्टची आहे, त्यामुळे तिला ते देता येतं. पण शाळा सरकारमान्य किंवा अनुदानित असेल, तर पालकाच्या संमतीशिवाय अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. तेव्हा प्रवेशाच्या वेळी सही केलेला अर्ज काढून वाचा. बारीक अक्षरात तुमची संमती कदाचित आधीच दिलेली असेल. असली तरी ‘आता नको’ असं लेखी कळवायला कुणी अडवलेलं नाही. आणखी एक गोष्ट माहीत असावी. २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एका धर्माची शिकवण देणं आणि निरनिराळ्या धर्मांविषयी माहिती देणं, यांत फरक केला. दुसऱ्या प्रकाराला घटनेची आडकाठी नाही, असं न्यायालयाचं म्हणणं आहे.

हक्क आहे म्हणून तो उद्याच वापरायला हवा असं नाही. मुलगा तासातल्या गोष्टी घरी येऊन आजीला सांगतो, असं तुम्हीच लिहिलंय. आजी ‘परक्यांचा धर्म’ म्हणतात, पण रात्री ऐकून घेतात की नाही? मग त्या गोष्टींनी घर बुडत नाहीये. त्याला तासातून बाहेर काढलंत, तर शनिवारी तो एकटा लायब्ररीत बसेल आणि सगळा वर्ग विचारेल, तू का नाही? सहावीतल्या मुलाला ते फार जड जातं. म्हणून आधी त्यालाच विचारा, त्या तासात काय आवडतं आणि काय नकोसं वाटतं. गोष्टी आवडत असतील आणि पाठांतर किंवा एखादा विधी टोचत असेल, तर वर्गशिक्षिकेला तेवढंच सांगा: गोष्टी ऐकू दे, प्रार्थनेच्या वेळी नुसता शांत उभा राहील. बहुतेक शिक्षकांना हे चालतं. त्यांनाही तास शांततेत पार पडायला हवा असतो.

आणि पालकसभेत एक सूचना जरूर करा. धर्मपाठाचा एखादा शनिवार शाळेबाहेर घ्यावा. नाशकात राहून मुलांना धर्म फक्त वहीतून शिकवणं म्हणजे कमालच आहे. पांडवलेणी आहेत, नाशिकरोडचं बाळ येशूचं चर्च आहे आणि तिथल्या यात्रेला सगळ्या धर्मांची माणसं नवस फेडायला जातात, जुन्या नाशकात बडी दर्गा आहे, म्हसरूळला जैनांचं गजपंथ तीर्थ आहे. काळाराम मंदिर तर आहेच. पण तिथे नेलंत तर नुसता गाभारा दाखवून परत आणू नका. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच देवळाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो इथे राहून पुढे चालवला, आणि दलितांना ते दार पुढे कैक वर्षं उघडलं नाही, हेही तिथेच उभं राहून सांगा. धर्माने माणसाला काय दिलं आणि काय नाकारलं, दोन्ही कळलं तर तो धर्मपाठ. मी शाळाचालक असते तर परीक्षेला हाच प्रश्न घातला असता.

आता दान. तुमच्या पत्रात ‘आम्ही देणारे’ आणि ‘ती गरजू मुलं’ अशी एक रेघ सहज ओढली गेली आहे. मिस्टरांच्या बोलण्यातही तीच आहे. पण तुमच्या शाळेची फी निम्मी का आहे, हा विचार केलात? बाकीचा खर्च कुणीतरी सोसतंय. पायऱ्यांवरच्या, वर्गाबाहेरच्या, पाण्याच्या टाकीवरच्या ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ पाट्या वाचा. आपल्याकडे ट्रस्टच्या शाळांत पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदाराचं नाव असतं, पंखा फिरायला लागला की वाचता येत नाही तेवढंच. त्या पंख्याखाली तुमचा मुलगा शिकतो. म्हणजे तोही घेणाराच आहे. मात्र त्याला कुणी कधी स्टेजवर बोलावून ‘ही घे तुझी निम्मी फी’ म्हटलेलं नाही. त्याच्या वाट्याचं दान इतक्या गुपचूप आलं की तुमच्याही लक्षात आलं नाही. चांगलं दान असंच पोचतं.

यावर शाळा म्हणेल, देणाऱ्यांची नावं घेतली की इतरांना स्फूर्ती मिळते. हे मी सरसकट खोडून काढणार नाही. पांडवलेण्यांत दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. या माणसाला प्रसिद्धीचं वावडं मुळीच नव्हतं. किती गायी दिल्या, किती गावं दिली, कुठे धर्मशाळा बांधल्या, कुठल्या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, सगळं त्याने कोरून ठेवलं आहे. ब्राह्मणांना दिलं तेही सांगितलं आहे आणि बौद्ध भिक्षूंना दिलं तेही. त्यातला एक व्यवहार माझ्या फार आवडीचा आहे. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे ठेवले. मुद्दल काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यांतले २००० दरमहा शेकडा एक दराने. वर्षाचे होतात २४०. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण, कपड्यांसाठी. हिशोब चोख जुळतो.

आता बघा, देणाऱ्याचं नाव दगडात आहे. ज्या वीस जणांना कपडे मिळणार, त्यांच्यातल्या एकाचंही नाव त्या लेखात नाही. या वर्षी कोण, पुढच्या वर्षी कोण, उषवदाताला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. शिवाय भिक्षूंची वस्त्रं सगळ्यांची सारखीच. एवढी आढ्यता मिरवणाऱ्या माणसालाही जे जमलं, ते तुमच्या शाळेला जमायला हरकत नसावी. देणाऱ्यांची नावं वाचायची तर वाचा. मला तेही आवडत नाही, पण सोसता येईल. घेणाऱ्याचं नाव मात्र माईकवर येता कामा नये, आणि त्याला ओळखू येईल असा वेगळा रंग तर अजिबात नको.

मरून रंग कुणी द्वेषाने निवडलेला नसणार. घाऊक दुकानात तो स्वस्त मिळाला असेल, किंवा देणगीदाराला ‘आपले स्वेटर’ फोटोत उठून दिसायला हवे असतील. पण परिणाम काय झाला? डिसेंबरात निफाडचा पारा खाली गेल्याची बातमी येते आणि इकडे शहरातही हुडहुडी भरते, त्या दिवसांत अकरा वर्षांचा मुलगा अंगावर ऊब असण्यापेक्षा कुडकुडणं पत्करतो. त्याने स्वेटर नाकारला नाही. त्या स्वेटरबरोबर चिकटलेलं नाव नाकारलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात स्वाभिमान कशाला म्हणतात ते त्या एकट्या मुलाला नीट कळलं आहे.

आपल्याकडे हे नवीन नाही. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्या अन्नावर शिकून अनेक जण मोठे झाले हे खरं, पण त्यांच्या आठवणी वाचल्या की कळतं, वाढणाऱ्या बाईचा चेहरा त्यांना जेवणापेक्षा जास्त लक्षात राहिला होता. काही घरांत प्रेमाने वाढलं गेलं, काही घरांत ताट आदळलं गेलं. त्यावर महाराष्ट्रातच उपायही निघाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली, नाशकातही उदोजी मराठा बोर्डिंगसारखी वसतिगृहं उभी राहिली, आणि मुलांना दारोदार जावं लागलं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिच्यासाठी मुष्टिफंड जमवला. घरटी मूठभर धान्य. मूठभर म्हटल्यावर ज्याच्या घरात पोतं आहे त्याचीही मूठ आणि ज्याच्या घरात पायलीभर आहे त्याचीही मूठ. हमालाचं घरही देणाऱ्यांत बसतं. शंभराला एक चांदणी लावली की त्या घराला देणाऱ्यांतून उठवलंच म्हणायचं.

तुमच्या शाळेच्या दान सप्ताहाला मी हेच सुचवीन. प्रत्येक मुलाने एक मूठ आणावी, तांदळाची, डाळीची, नाहीतर चिल्लरीची. वर्गात एकच पिंप किंवा बंद डबा. वर्गाचा आकडा फळ्यावर लिहा, मुलाचा लिहू नका. धान्य कुठे गेलं याचा हिशोब महिन्याभरात नोटीस बोर्डावर लावा. पैसे जमवत असाल तर पालकांना पावती द्या. आणि ज्यांना पैसे-धान्य नको वाटतं त्यांच्यासाठी कामाचा पर्याय ठेवा. गणेश विसर्जनाच्या दिवशी गोदाकाठी निर्माल्य आणि मूर्ती गोळा करायला कितीतरी शाळा-कॉलेजांची मुलं उभी असतातच.

वाटपाचं तर याहून सोपं आहे. स्वेटर शाळेच्याच निळ्या रंगाचे घ्या. ज्याला हवा त्याच्या पालकांनी ऑफिसात येऊन न्यावा, पिशवीत घालून. त्यांना विचारायला एकच शिक्षिका नेमा. पुस्तकांची पेढी सगळ्यांसाठी उघडी ठेवा, म्हणजे जुनं पुस्तक घेणाऱ्याकडे कुणी वळून बघणार नाही. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये एका पंगतीत कोण भुकेचा आणि कोण हौशी, ओळखू येत नाही. सिंहस्थात तपोवनात अन्नछत्रं लागतात, तिथेही पानावर बसणाऱ्याला कुणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. देणगीदाराला फोटो हवा असेल तर स्वेटरच्या गठ्ठ्याबरोबर काढावा, खुशाल हार घालून.

हे मुख्याध्यापकांशी कसं बोलायचं? पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिली ठिणगी टाकू नका, एवढी कृपा करा. संध्याकाळपर्यंत तिथे दोन धर्मांचं महायुद्ध पेटलेलं असेल आणि स्वेटर बाजूलाच राहील. तीन-चार पालक गोळा करा, त्यात ट्रस्टच्या धर्माचे एक-दोन असू द्या, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी वेळ घेऊन भेटा, कारण स्वेटरची ऑर्डर तेव्हाच जात असणार. सोबत लेखी द्या. मजकूर एवढा पुरे: ‘दान सप्ताहाचा उपक्रम चांगला आहे. तो आणखी चांगला व्हावा म्हणून आमच्या दोन विनंत्या आहेत. विद्यार्थ्यांची वैयक्तिक रक्कम जाहीर करू नये. मदत घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मंचावर बोलावू नये आणि मदतीचे कपडे गणवेशाच्याच रंगाचे असावेत. खरेदी व वाटपाच्या कामात आम्ही मदत करू.’ शेवटचं वाक्य गाळू नका. तक्रार करणारे पुष्कळ येतात, कामाला येणारे कमी, आणि मुख्याध्यापकांना ते पाठ असतं.

ट्रस्टींपैकी कुणी अडून बसलं तर कायद्याच्या आधी त्यांच्याच धर्माचा आधार घ्या. तो मिळतोच. गीतेच्या सतराव्या अध्यायात फळाची आशा धरून दिलेल्या दानाला राजस आणि अपमान करून दिलेल्या दानाला तामस म्हटलं आहे. कुराणात उघड दान चांगलं म्हटलं आहे, पण गरिबाला गुपचूप देणं अधिक चांगलं. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे येशूने सांगितलं आहे. धर्मपाठाचा तास घेणाऱ्या शाळेला हे वेगळं शिकवावं लागू नये. एक मात्र लक्षात ठेवा: महाराष्ट्रात कॅपिटेशन फीला १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, पण तो मुद्दा प्रवेशासाठी उकळलेल्या देणगीचा. दान सप्ताहाच्या दोनशे रुपयांवर ते अस्त्र काढलंत तर हसं होईल.

राहिले ते देवघरातल्या डब्यातले दोनशे. सासूबाई चोरी म्हणतात, आणि न विचारता घेतलं म्हणजे ती आहेच, त्यावर पांघरूण घालू नका. पण त्याने चॉकलेट नाही घेतलं. ज्या शाळेत चांगुलपणाचा भाव शंभराला एक चांदणी असा लावलाय, तिथे त्याने चांगुलपणा विकत आणला. त्याला मारू नका, आणि ‘दानासाठीच घेतले ना’ म्हणून कौतुकही करू नका. आजीला त्याने स्वतः सांगावं आणि पैसे हळूहळू फेडावेत, वाढदिवसाच्या पैशांतून किंवा रद्दी विकून. आजीने ते घ्यावेत, ‘राहू दे रे बाळा’ म्हणू नये. मग या वर्षी त्याने काय द्यायचं ते त्यालाच ठरवू दे, त्याच्या स्वतःच्या वस्तूंमधून. काहीच द्यावंसं वाटलं नाही, तर तेही चालेल. अकराव्या वर्षी माणूस दानशूर नसला तरी चालतं.

मित्राच्या बाबतीत तुम्ही शक्य तितकं कमी करा. त्याच्या घरी फराळाचा डबा किंवा नवा स्वेटर घेऊन जाऊ नका, मनात कितीही आलं तरी. मुलालाही ‘त्याच्याशी चांगलं वाग’ असं पढवू नका, ते त्या पोराला लगेच कळेल. ‘दानाचा स्वेटर’ हे शब्द आपल्या तोंडून कधी गेले होते का, एवढं मात्र त्याला विचारा. गेले असतील, तर माफी मागायची की नाही आणि कशी, ते तो बघेल. नाहीतर नुसतं विटीदांडू, क्रिकेट, जे चालू असेल त्यात बोलावू दे. एखाद दिवशी मित्राकडून काहीतरी मागूनही घेऊ दे, गणिताची वही किंवा कंपासपेटी. त्यालाही देणारा होता आलं पाहिजे.

हे वाचणाऱ्यांत शिक्षक असतील, तर त्यांना एक विनंती. गरजू मुलांच्या याद्या वर्गात हात वर करायला लावून करू नका. ‘कुणाकडे गणवेश नाही, उभे राहा’ हे वाक्य आजही अनेक शाळांत ऐकू येतं, आणि ते म्हणणारे शिक्षक मनाने वाईट नसतात, फक्त घाईत असतात.

शाळा बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. वर्षाच्या मध्ये सहावीतल्या मुलाला उपटून नेलं तर त्याला ती डब्यातल्या पैशांची शिक्षाच वाटेल. विनंती मान्य झाली तर प्रश्नच मिटला. अर्धी मान्य झाली, म्हणजे स्वेटर निळे झाले पण चांदण्या तशाच राहिल्या, तर यंदा तेवढ्यावर समाधान माना आणि चांदण्यांचा विषय पुढच्या पालकसभेत काढा. साफ नकार आला आणि वर तुमच्या मुलाला त्याबद्दल टोमणे बसू लागले, तर मार्चच्या आत दुसऱ्या शाळांची चौकशी सुरू करा आणि निकालानंतर दाखला काढा. नव्या शाळेत जाल तेव्हा फी आणि निकालाबरोबर तिथे गरजू मुलांना मदत कशी दिली जाते, हेही विचारा.